गाळलेलं बोलणं

सन्मतीच्या चष्म्याच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात, सकाळपासून एक पिवळी सूचना येत होती. 'कानोसा हे ॲप पुढच्या अपडेटनंतर या चष्म्यावर चालणार नाही. निर्मात्याशी संपर्क साधा.'

निर्माता म्हणजे तिचे वडील, भूपाल चौगुले. ते जाऊन चार वर्षं झाली होती. आई तर ती कॉलेजात असतानाच गेली होती.

सन्मती सात वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण ऐकू येणं गेलं. कानाच्या आतला शंख हाडाने भरून आल्यामुळे आत ऐकण्याचं यंत्र बसवण्याचा मार्गही बंद झाला. ती बोलायची, कारण तोवर ती बोलायला शिकलेली होती. पण स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे उच्चार हळूहळू घसरत गेले. भूपालअप्पा इचलकरंजीत यंत्रमागांची इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारे इंजिनिअर. ती शाळेत असताना बोलणं लिहून दाखवणारे चष्मे बाजारात आले, तेव्हा त्यांनी मुलीसाठी स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. समोरच्याचा आवाज आणि त्याच्या ओठांची हालचाल, दोन्ही एकत्र वाचून तो काचेवर अक्षरं उमटवायचा. त्याचं नाव त्यांनी कानोसा ठेवलं.

तशी ॲप्स आता पुष्कळ होती. सन्मतीने त्यातलं एक आठवडाभर वापरून पाहिलं. ती एका कारखान्यात कापड तपासायची. मागावरचा धाग्याचा रूळ संपत आला, तेव्हा खडखडाटात फोरमन म्हणाला, "बीम संपत आलाय, गाठी मारायला घ्या," आणि काचेवर आलं, 'भीम संपत आलाय, गादी मारायला घ्या.' शेडमधला गोंगाट आणि सीमेवरची कानडी वळणाची मराठी, या दोन्हींपुढे मोठ्या कंपन्यांनी हात टेकले होते. कानोशाला ते जमायचं, कारण अप्पांनी तो याच शेडमध्ये उभं राहून घडवला होता.

अडचण अशी की कानोशाची मूळ फाइल कुठेच नव्हती. पुराच्या वर्षी अप्पांचं खालच्या खोलीतलं टेबल डिस्कसकट पाण्यात गेलं. चष्म्यात होता तो फक्त तयार, चालणारा प्रोग्रॅम.

नवरा अभिनंदन तिला कोल्हापूरला नौशाद मुजावरकडे घेऊन गेला. नौशादचा धंदा हाच. साखर कारखान्यांचे वजनकाटे, जुन्या दवाखान्यांमधली यंत्रं, ज्यांचे मूळ प्रोग्रॅम हरवलेत ते पुन्हा उभे करून द्यायचे.

"ताई, माणूस प्रोग्रॅम लिहितो तो वाचता येईल असा," तो तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला. "प्रत्येक भागाला नाव देतो. शेजारी टीप लिहितो, हे का केलं, ते का टाळलं. मग संगणक ते सगळं दळून त्याचे अंक करतो. यंत्राला नावं लागत नाहीत, टिपाही लागत नाहीत. म्हणून दळताना त्या जातात."

"आमच्याकडेही असंच असतं," सन्मती म्हणाली. "गिऱ्हाईक कापडाचा तुकडा देतं. आम्ही तो भिंगाखाली उसवून वीण कशी आहे ते कागदावर काढतो. वीण मिळते. विणणाऱ्याच्या मनात काय होतं ते मिळत नाही."

नौशाद हसला. "मग मला फार सांगायला नको. पूर्वी या अंकांवरून मागे जाणं म्हणजे महिनोन्महिन्यांचं काम होतं. आता माझ्याकडचं यंत्र कोट्यवधी प्रोग्रॅम वाचून शिकलंय. अंक बघून ते मूळ कसं असेल ते लिहून काढतं. मग मी ते पुन्हा दळतो आणि तुमच्या जुन्या अंकांशी ताडून बघतो. शेवटच्या अंकापर्यंत जुळलं तरच पास."

"आणि नावं?"

"नावं ताडता येत नाहीत, कारण जुन्यात ती उरलेलीच नाहीत. यंत्र अंदाजानं देतं. म्हणून मी ती राखाडी रंगात ठेवतो. काळं ते खात्रीचं, राखाडी ते अंदाजाचं."

पंधरवड्याने त्याचा निरोप आला. सन्मती नवा चष्मा घेऊन त्याच्याकडे गेली. सगळं जुळलं होतं. अप्पांचा प्रोग्रॅम पडद्यावर ओळीनं उभा होता. ओठ वाचणारा भाग, आवाज वाचणारा भाग, दोन्हींचा मेळ घालणारा भाग. सन्मतीला त्यातलं फारसं कळत नव्हतं, तरी ती बराच वेळ वाचत बसली.

"एवढा एक भाग मी वगळलाय," नौशादने बोट दाखवलं. तिथे राखाडी अक्षरांत लिहिलं होतं, 'गोंगाट गाळणी.' "तुमच्या नव्या चष्म्यात गोंगाट गाळायची सोय मुळातच आहे. दोनदा गाळलं तर अक्षरं उशिरा उमटतात. चार दिवस वापरून बघा आणि सांगा."

त्याच संध्याकाळी सन्मती स्वयंपाकघरात दोडका चिरत बसली होती. तिच्या सासरी, मगदूमांच्या घरात, जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळे त्या वेळी घाई असते. सासूबाई, त्रिशलाबाई, तिच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत होत्या. काचेवर अक्षरं उमटली, 'बहिरीला काय कळतंय, डाळ उतू चाललीया.'

सन्मतीने उठून गॅस बारीक केला. मग चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. अक्षरं आली, 'आमच्या पोरानं काय बघितलं हिच्यात, कुणास ठाऊक. बोलती तर रेडकागत.'

त्रिशलाबाई वळल्या. चेहरा रोजच्यासारखाच, आवळलेला. लग्नानंतरची नऊ वर्षं सन्मतीला वाटत आलं होतं की आईंचा चेहराच तसा आहे. बोलणं साधं असतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तेच. तपासणीच्या टेबलावर, उजेडाच्या चौकटीवरून ती कापड ओढत होती. मागे दोघं जण उभे होते. 'बहिऱ्या बाईचा शिक्का बसला का बघ,' एक म्हणाला आणि दुसऱ्याने तिच्या बोलण्याची नक्कल केली. नक्कल कशी होती ते चष्म्याला लिहिता येईना. त्याने नुसतीच तुटक अक्षरं दाखवली, 'शा... शाप अशलं पायजे.'

"साफ असलं पाहिजे," हे तिचं रोजचं वाक्य होतं.

तिने स्वतःची समजूत घातली. यंत्राने नावं अंदाजाने दिली, तशी वाक्यंही अंदाजाने घालत असणार. नौशादला सांगायला हवं. पण सांगण्याआधी तिने एकदा खात्री करायचं ठरवलं. रविवारी दुपारी त्रिशलाबाई बाहेरच्या खोलीतून काहीतरी बोलून गेल्या, तेव्हा तिने अभिनंदनला विचारलं, "आत्ता आई काय म्हणाल्या?"

"दूध वर ठेव म्हणाली."

"त्याआधी?"

अभिनंदन पेपर चाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"काहीतरी म्हणाल्या त्याआधी. माझ्या चष्म्यावर आलंय. मला तुझ्याकडून ऐकायचंय."

"सन्मती, तिचं सोड ना. नेहमीचंच आहे. तू कधी मनावर घेत नाहीस ते बरं करतेस."

"नेहमीचं म्हणजे?"

आता त्याने वर पाहिलं. तिचा चेहरा बघून पेपर खाली ठेवला. "तुला दिसतच होतं ना इतकी वर्षं?"

सन्मतीने नकारार्थी मान हलवली. त्याचा चेहरा उतरला.

ते दोघं पुन्हा कोल्हापूरला गेले. नौशादने जुना आणि नवा, असे दोन्ही चष्मे टेबलावर ठेवले आणि दोन्हींसमोर एकेक वाक्य म्हटलं. "सन्मतीताईंचं काम चांगलं आहे." दोन्हींवर सारखीच अक्षरं आली. "बहिरी कुठली, चहा आण." नव्यावर पूर्ण वाक्य आलं. जुन्यावर आलं, 'चहा आण.'

तो खुर्चीत मागे टेकला. मग तो वगळलेला भाग पुन्हा उघडून ओळ न ओळ वाचू लागला. अभिनंदन आणि सन्मती शेजारी बसून राहिले.

"मी नावावर विसंबलो," शेवटी तो म्हणाला. "यंत्राला ही गोंगाटाची गाळणी वाटली. गाळणीच आहे, पण गोंगाटाची नाही. वाक्य पुरं तयार झाल्यावर हा भाग तपासतो की ते चष्मा घालणाऱ्याबद्दल आहे का. असलं, तर त्यात टोचणारं काही आहे का. तेवढं काढून टाकतो आणि उरलेलं दाखवतो. सगळं वाक्यच तसलं असलं तर काहीच दाखवत नाही."

"अप्पांनी लोकांचे शब्द बदललेत?" सन्मतीने विचारलं.

"एकही नाही. भर घातलेली नाही. फक्त काढलंय." त्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणखी एक आहे. एक आवाज यातून सोडलाय."

"म्हणजे?"

"प्रत्येकाच्या आवाजाची ठेवण अंकांत मांडता येते. तशी एकाच आवाजाची खूण इथं आहे. तो आवाज आला की गाळणी बंद. तो माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं तुमच्यापर्यंत येणार."

अभिनंदनकडे लग्नाचा व्हिडिओ होता. त्यात भूपालअप्पा आचाऱ्याला ताटं उशिरा लागल्याबद्दल बोलत होते. नौशादने तेवढा तुकडा लावला. खूण जुळली.

सन्मती उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर माणसं बोलत होती, हातवारे करत होती. इतक्या लांबून चष्मा काही दाखवत नव्हता.

तिला आयुष्यात कठोर बोललेला एकच माणूस आठवत होता. शाळेत, शेजारी, नात्यात सगळे तिच्याशी नीट बोलायचे. एकटे अप्पा रोज संध्याकाळी समोर बसवून 'स' आणि 'श' घोटून घ्यायचे. चुकलं की ओरडायचे. कॉलेजच्या दिवसांत एकदा तिने बसायला नकार दिला, तेव्हा ते म्हणाले होते, "लोक हसतात तुझ्या बोलण्याला. तुला कळत नाही, पण हसतात." ती चिडून म्हणाली होती, "कोण हसतं? नाव सांगा. मला आजवर कोणी एक शब्द वाकडा बोललेलं नाही. तुम्हीच काय ते बोलता." अप्पा काहीतरी सांगायला निघाले आणि थांबले. त्यानंतर ते उच्चारांचं बसणं बंद झालं. लग्नानंतर तिचं माहेरी जाणं सणावारापुरतं उरलं. ते दवाखान्यात असताना ती भेटायला गेली होती, पण उशाशी बसून बोलण्यासारखं दोघांत काही राहिलेलं नव्हतं.

"स्वतःचा आवाज का सोडला असेल त्यांनी?" तिने मागे वळून विचारलं.

"ते यात नाही, ताई. मूळ फाइलीत शेजारी टीप असेलही. ती दळताना गेली."

"ही काय मग?" तिने पडद्याकडे बोट केलं. त्या ओळीशेजारी राखाडी अक्षरांत होतं, 'विश्वासू आवाज, यास सूट द्यावी.'

"हा यंत्राचा अंदाज."

"पुसा ते. ते अप्पांचं नाही."

नौशादने ते पुसलं. ओळीशेजारची जागा मोकळी झाली.

"आता तुम्ही सांगाल तसं," तो म्हणाला. "गाळणी ठेवायची तर ठेवतो, काढायची तर काढतो. घाई नाही."

परतीच्या वाटेवर अभिनंदन गाडी चालवत होता. पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, म्हणजे तिला त्याचा चेहरा दिसेल.

"ठेव ती," तो म्हणाला. "मी स्वार्थासाठी म्हणत नाहीये. लोक जे बोलतात ते ऐकून कुणाचं भलं झालंय? तुझ्या अप्पांनी विचार करूनच केलं असेल. आणि आपल्या घरात नऊ वर्षांत भांडण नाही."

"भांडण होतं. मी त्यात नव्हते."

त्याने गाडीचं इंजिन बंद केलं. मग तो म्हणाला, "मला वाटायचं तू मोठ्या मनाने सोडून देतेस. मित्रांना मी अभिमानाने सांगायचो की माझी बायको कुणाचं मनाला लावून घेत नाही."

"मी काही सोडून दिलं नाही, अभिनंदन. मला ते मिळालंच नव्हतं."

हे म्हणताना तिला आतून रितं रितं वाटलं. शांत स्वभावाची, म्हणून सगळे तिला ओळखत. माहेरचे, सासरचे, कारखान्यातले. तो स्वभाव तिचा किती आणि अप्पांच्या प्रोग्रॅमचा किती, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सासूबाईंचं ते रेडकागतचं वाक्य वाचून तिला जसा राग आला, तसा अप्पांखेरीज कुणाचा कधी आलाच नव्हता. राग कसा धरायचा आणि कसा सोडायचा, हे बाकीचे लहानपणी शिकतात. तिला तिशी ओलांडल्यावर शिकावं लागणार होतं.

आणि अप्पा. ज्यांनी जगाचं वाईट बोलणं तिच्यापासून अडवलं, त्यांनीच समोर बसून तिला ते सांगितलं होतं. पुरावा त्यांनी स्वतःच्याच हाताने लपवलेला होता. त्या दिवशी ते बोलता बोलता का थांबले, एवढं मात्र तिला आता कळत होतं. खरं सांगायचं तर गाळणी उघडी करावी लागली असती. त्यांनी मुलीच्या मनातून उतरणं पत्करलं. ते बरोबर केलं की चूक, हे ठरवायला ती कितीदा बसली, पण ते एकदाही ठरलं नाही. तिला त्यांची दया आली आणि रागही आला. हा राग आता कुणाला सांगायचा, हे तिला कळत नव्हतं.

आठवड्याने तिने नौशादला कळवलं, गाळणी काढा.

"काढली," तो पुढच्या भेटीत म्हणाला. "आता तो आवाज ओळखणारा भाग उगाच राहिलाय. गाळणीच नाही म्हटल्यावर सूट कशाला? काढून टाकू? प्रोग्रॅम थोडा हलका होईल."

"राहू द्या," सन्मती म्हणाली. "जागा फार घेत नसेल तर राहू द्या."

पुढचे काही दिवस अवघड गेले. कारखान्यातल्या त्या नक्कल करणाऱ्यासमोर ती जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "श आणि स मला जमत नाहीत. कापडातला तुटका धागा जमतो. तुझ्या मागावरचा आजचा कापडाचा ताका मी बाद केलाय." तो वरमला. पण त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही. काही माणसांबद्दल तिचा चांगला समज होता, तो गेला. उलट, शेजारच्या टेबलावरची एक बाई कित्येक वर्षं तिची बाजू घेऊन इतरांशी बोलत होती, हेही तिला पहिल्यांदाच कळलं. तिच्या उत्तरात तेच टोचणारे शब्द परत येत, म्हणून टोमण्यांबरोबर ते उत्तरही गाळलं गेलं होतं.

घरी मात्र तिचं धाडस होईना. त्रिशलाबाई बोलायच्या, ती वाचायची आणि काम करत राहायची. दिसायला सगळं पूर्वीसारखंच होतं.

एका संध्याकाळी भाकऱ्या चालू असताना काचेवर आलं, 'सुट्टीचा दिवस असून आयती येऊन बसलीया. बहिरीला सांगून तरी काय उपेग.'

सन्मती म्हणाली, "आई, मला दिसलं ते."

"दिसलं तर दिसलं." त्रिशलाबाईंनी वळूनही पाहिलं नाही. "नऊ वर्षं दिसतंयच की."

"नव्हतं दिसत. नऊ वर्षं एकदाही दिसलं नाही."

त्रिशलाबाईंचे हात पिठात थांबले. सन्मतीने सांगितलं. तिला जमेल तसं, उच्चार अडखळत, कानोसा, अप्पा, गाळणी, सगळं. सांगून होईपर्यंत तव्यावरची भाकरी करपली. धूर पाहून अभिनंदन दारात आला आणि तिथेच थांबला.

त्रिशलाबाईंनी गॅस बंद केला. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मी तुला काय काय बोलले," त्या हळू म्हणाल्या. "आणि तू हसायचीस. चहा आणून द्यायचीस. मला वाटायचं, ही मला मोजतच नाही. मी कोण लागून गेले हिच्यालेखी. म्हणून आणखी बोलायची." मग त्या तिच्याकडे वळल्या. "मग इतकी वर्षं मी भांडत कुणाशी होते?"

"ते मला माहीत नाही," सन्मती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि ते तिला दारातल्या अभिनंदनच्या चेहऱ्यावरून कळलं. "पण तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी रजा काढून बसले होते. तेव्हाही तुम्ही म्हणाला असाल काहीतरी. माझं बोलणं रेडकासारखं आहे, मला ठाऊक आहे. तरी मी रोज तुमच्याशी बोलते. तुम्ही माझ्याकडे तोंड करून एकदा तरी बोललात का? सारखी पाठ. माणसासारखं समोर बसून बोला, काय बोलायचं ते."

अभिनंदन मध्ये पडायला पुढे आला. त्रिशलाबाईंनी हातानेच त्याला थांबवलं. "तू जा रे बाहेर. तुझं काय काम आहे इथं?"

तो गेला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. कोपऱ्यातलं स्टूल ओढून सन्मतीच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यावर बसल्या. चेहरा तसाच आवळलेला होता, पण आता तो पुरता तिच्यासमोर होता, ओठ अन् ओठ दिसेल असा.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांगते. तुझ्या लग्नात तुझ्या मावशीनं माझ्या बहिणीला हळदीला बोलावलं नव्हतं. तिथून."